स्लिपचं बिल: साधा पंखा आणि बीएलडीसी पंखा, दोन्ही उघडून

दुकानात दोन पंखे शेजारी टांगलेले असतात. दोन्हींचा व्यास 1200 मिलिमीटर, दोन्ही मिनिटाला सव्वादोनशे घनमीटरच्या आसपास हवा देतात, खालून पाहिलं तर रंगापलीकडे फरक दिसत नाही. एकाची किंमत दीड-पावणेदोन हजार, दुसऱ्याची अडीच ते साडेतीन हजार. विक्रेता महागाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘बीएलडीसी आहे, बिल निम्म्याच्या खाली.’ खरं आहे, पण अर्धंच. निम्म्याच्या खाली येतं ते पंख्याचं बिल, घराचं नव्हे; आणि तेसुद्धा तुम्ही कोणत्या पंख्याशी तुलना करताय त्यावर.

हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही. क्रॉम्प्टन, हॅवेल्स, ओरिएंट, उषा हे सगळे आज दोन्ही प्रकार विकतात. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी 2012 मध्ये काढलेली ॲटमबर्ग तर बीएलडीसीच्याच जोरावर मोठी झाली. खोक्यावर नाव कुणाचंही असो, आत मोटर दोनपैकी एक असते: इंडक्शन (साध्या पंख्यातली), नाहीतर कायम चुंबकाची सिंक्रोनस. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी, हे या दुसरीचंच बाजारातलं नाव. पैसे या मोटरचे द्यायचे असतात. पातं, रंग, सोनेरी पट्टी हे सगळं नंतर.

आत काय असतं

छताच्या पंख्यात नेहमीच्या मोटरपेक्षा उलटा प्रकार असतो. तारा गुंडाळलेला स्टेटर मध्ये, रॉडला घट्ट बसलेला. आणि फिरणारा रोटर बाहेरून, कव्हरसकट. दोन्ही पंख्यांत हे सारखंच. बेअरिंगही बहुतेक वेळा तेच, 6202.

साधा पंखा उघडला तर बाहेरच्या कड्यात पोलादी पत्र्यांची थप्पी दिसते आणि तिच्या खाचांत ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन्ही टोकांना कड्यांनी एकमेकींना जोडलेल्या. पिंजराच तो. त्याला बाहेरून एकही वायर जात नाही, ब्रश नाही, चुंबक नाही. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर चिकटत नाही. स्टेटरवर दोन वाइंडिंग, एक रनिंग आणि एक स्टार्टिंग, आणि स्टार्टिंगच्या वाटेत वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतो तो अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

बीएलडीसी उघडायला जोर लागतो, कारण रोटर स्टेटरला सोडायला तयार नसतो. कव्हर थोडं वर आलं की पुन्हा खाली खेचलं जातं; मध्ये बोट असेल तर चांगलंच चेमटतं. आतल्या कडेला चुंबकांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, एक आड एक उत्तर-दक्षिण. स्टेटरवर तीन फेजची वाइंडिंग, तिच्या तीन वायरी एका बोर्डावर जातात. बोर्ड कधी रॉडच्या वरच्या वाटीत बसवलेला, कधी मोटरच्या पोटातच. ही जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता मुख्य फरक. घरचा वीजपुरवठा 50 हर्ट्झचा. स्टेटरवर ध्रुव किती, यावर त्याचं चुंबकी क्षेत्र किती वेगानं फिरणार हे ठरतं: 120 गुणिले 50, भागिले ध्रुवांची संख्या. चौदा ध्रुवांच्या पंख्यात हे 428 फेरे मिनिटाला येतं. हा सिंक्रोनस वेग. पण पंखा 428 नं कधीच फिरत नाही. पूर्ण वेगावर 380 च्या जवळपास अडकतो. का? पिंजऱ्याला स्वतःचं चुंबकत्व नाही. ते त्याला स्टेटरकडून उसनं घ्यावं लागतं. क्षेत्र पट्ट्यांना ओलांडून पुढे जात राहिलं तरच पट्ट्यांत प्रवाह उपजतो, आणि प्रवाह असेल तरच ओढ. रोटर क्षेत्राच्या बरोबरीला आला की ओलांडणं थांबलं, प्रवाह संपला, ओढ संपली. म्हणून तो कायम थोडा मागेच राहतो. हे मागे राहणं म्हणजे स्लिप. 428 आणि 380 मधली स्लिप 11 टक्क्यांच्या वर जाते, आणि रोटरपर्यंत पोचलेल्या शक्तीचा तेवढाच वाटा पट्ट्या तापवण्यात जातो. उसनवारीचं व्याज म्हणा.

बीएलडीसीच्या रोटरकडे चुंबक घरचं आहे. त्याला उसनं काही नको, मागे राहायचं कारण नाही. क्षेत्राच्या ध्रुवाला रोटरचा ध्रुव धरून चालतो, पावलाला पाऊल. स्लिप शून्य. वेग बदलायचा असेल तर क्षेत्राचाच वेग बदलावा लागतो, म्हणजे फ्रिक्वेन्सी. ते काम बोर्डाचं. 14 ध्रुवांचा रोटर 350 नं फिरवायचा असेल तर बोर्ड 40.8 हर्ट्झ तयार करतो. भिंतीतल्या 50 शी त्याचं देणंघेणं राहत नाही.

मग 75 वॉट जातात कुठे

नुसती स्लिप हे उत्तर पुरत नाही. हवा ढकलायला पात्यांना शाफ्टवर लागतात वीसेक वॉट. जुना साधा पंखा त्यासाठी 75 घेतो. 11 टक्के स्लिपनं एवढा खड्डा पडत नाही.

मोठा दोषी म्हणजे चुंबकत्व उभं करायलाच लागणारा प्रवाह. पंखा हळू फिरायला हवा म्हणून ध्रुव भरपूर घालावे लागतात. आणि ध्रुव वाढले की हा प्रवाह बेताबेतानं न वाढता साधारण ध्रुवसंख्येच्या वर्गानं वाढतो. रोटर-स्टेटरमधली फट थोडी जास्त राहिली की आणखी. हा प्रवाह वाइंडिंगच्या तांब्यातून (स्वस्त पंख्यात ॲल्युमिनियममधून) जातो आणि वाटेत उष्णता सोडतो. त्यात घरचा पुरवठा सिंगल फेज. कंडेन्सर दुसरी फेज असल्याचं सोंग आणतो, पण ते सोंगच. क्षेत्र गोल फिरण्याऐवजी अंडाकृती फिरतं, थोडा भाग उलट्या दिशेनं ओढत राहतो. हे सगळं मिळून अर्ध्याहून अधिक वीज मोटर गरम करते. दिवसभर चाललेल्या जुन्या पंख्याचं पोट हाताला का चटकतं, ते यातून कळतं.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा, कारण बीएलडीसीची आकडेवारी दाखवून गिरणीवाल्यांना आणि वर्कशॉपवाल्यांना ‘सिंक्रोनस’ मोटर विकायचे प्रयत्न होतात. तीन फेजची, चार ध्रुवांची, साडेसात अश्वशक्तीची आयई3 (ही कार्यक्षमतेची श्रेणी) इंडक्शन मोटर घ्या. पाटीवर 1440 ते 1460 फेरे लिहिलेले, सिंक्रोनस वेग 1500. स्लिप तीन-चार टक्के, कार्यक्षमता नव्वदीला टेकलेली. तिथे कायम चुंबकाची मोटर आणून वाचतात चार-पाच टक्के, आणि वर व्हीएफडीचा, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून देणाऱ्या डब्याचा, खर्च. मोटर जेवढी लहान, हळू आणि जास्त ध्रुवांची, तेवढा सिंक्रोनसचा फायदा ठळक. छताचा पंखा तिन्ही बाबतींत टोकाला बसतो. म्हणून पंख्यात क्रांती दिसते आणि चक्कीत दिसत नाही.

रेग्युलेटर एकवर असताना

पूर्ण वेगावरचे आकडे सगळे सांगतात. खरी गंमत खालच्या वेगावर आहे, आणि रात्रभर पंखा चालतो तो बहुधा खालच्याच वेगावर.

साध्या पंख्याचा रेग्युलेटर व्होल्टेज कमी करतो, फ्रिक्वेन्सी नाही. क्षेत्र 428 नंच फिरत राहतं; फक्त त्याची पकड सैल होते आणि रोटर आणखी मागे पडतो. पंखा 200 वर आणला तर स्लिप 53 टक्के. म्हणजे रोटरकडे आलेल्या शक्तीतली निम्म्याहून जास्त पट्ट्यांतच जळते. जुना काळा डबा-रेग्युलेटर असेल तर त्याच्या आतली रेझिस्टन्सची गुंडाळी वेगळी तापते. कपॅसिटरवाला पाच टप्प्यांचा रेग्युलेटर स्वतः फारसं खात नाही, पण रोटरमधली जळ तो थांबवू शकत नाही.

पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं बदलते. वेग निम्मा केला तर गरज आठव्या हिश्श्यावर येते. बीएलडीसी या नियमाच्या बरंच जवळून चालतो: एक नंबरवर चार-सहा वॉट. साधा पंखा तिथे वीसच्या आसपास घुटमळतो. थंडीत, पावसाळ्यात एक-दोन नंबरवर पंखा लावणाऱ्या घरात बचतीचं प्रमाण म्हणूनच अधिक दिसतं, जरी युनिटच्या हिशेबात ती बचत लहान असली तरी.

लेबल कसं वाचायचं

छताच्या पंख्यांना ताऱ्यांचं लेबल जानेवारी 2023 पासून सक्तीचं झालं. (अतिकार्यक्षम पंख्यांसाठी पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं त्याआधी बरीच वर्षं पाठपुरावा केला होता.) लेबलवर वॉट शोधू नका, सर्व्हिस व्हॅल्यू शोधा: मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले किती वॉट. 1200 मिलिमीटरच्या पंख्यासाठी 2023 मध्ये लागू झालेल्या तक्त्यात 4.0 ला एक तारा, पुढे अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या आणि 6.0 ला पाच.

हिशेब करून पाहा. जुना पंखा: 220 भागिले 75, म्हणजे 2.9. एक ताराही नाही. याचा अर्थ, आज दुकानात कायदेशीरपणे उभा असलेला नवा इंडक्शन पंखा 75 वॉटचा असूच शकत नाही. एक तारा गाठायला 210 घनमीटर हवेला साधारण 52 वॉटच्या आत राहावं लागतं. कंपन्यांनी ते केलं ते पत्र्यांची थप्पी वाढवून, तार जाड करून आणि पात्यांचा कोन सुधारून. मोटरचा प्रकार तोच. त्यामुळे ‘75 ऐवजी 28’ ही तुलना जुना पंखा काढून नवा लावणाऱ्याला लागू पडते. नव्या घरासाठी दोनपैकी एक निवडणाऱ्याला खरी तुलना 52 विरुद्ध 30 अशी आहे.

आता पैसे. दिवसाला 15 तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 4,500 तास. जुना पंखा 337 युनिटं, नवा एक तारा 234, बीएलडीसी 135. युनिटला आठ रुपये धरले तर जुन्याच्या जागी बीएलडीसी लावणाऱ्याचे वर्षाला सोळाशे वाचतात, आणि पंखा दोन वर्षांच्या आसपास फिटतो. नवीनच घेणाऱ्याचे वाचतात आठशेच्या आत. किमतीतला बाराशेचा फरक भरून यायला दीड वर्ष. पाहुण्यांच्या खोलीत दिवसाला तासभर चालणाऱ्या पंख्याला हेच गणित लावलं तर पंखा म्हातारा होईल पण पैसे वसूल होणार नाहीत. एक बारकावा बिलातला: महावितरणचा दर टप्प्यांनी चढतो, आणि वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाकडून वजा होतं. महिन्याला 300 च्या किंचित वर जाणाऱ्या घराला तीन पंखे बदलून खालच्या टप्प्यात येता आलं तर फायदा आठ रुपयांच्या हिशेबापेक्षा जास्त.

लेबलवर फेऱ्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. 400 फेऱ्यांचा चपट्या पात्यांचा पंखा 340 च्या नीट वळवलेल्या पात्यांपेक्षा कमी हवा देऊ शकतो. आणि एका पंख्याची पाती दुसऱ्याला लावू नका. भोकं जुळली तरी मोटरवरचा भार बदलतो आणि लेबलवरचा एकही आकडा खरा राहत नाही.

व्होल्टेज पडतं तेव्हा

गावाकडे संध्याकाळी सात वाजता 230 चे 170 होतात. इंडक्शन मोटरची ओढ व्होल्टेजच्या वर्गाशी बांधलेली असते: 170 वर ती जवळपास 55 टक्क्यांवर येते. पंखा फिरतो, वारा लागत नाही. बीएलडीसीचा बोर्ड आधी आलेली वीज डीसी करतो, मग स्वतःला हवी तशी तीन फेज बनवतो; त्यामुळे पट्ट्याच्या आत व्होल्टेज काहीही असो, वेग तोच. बऱ्याच पंख्यांवर 140 ते 285 असा पट्टा लिहिलेला असतो. खालचा आकडा बघून घ्या, तो पंख्यागणिक बदलतो.

इन्व्हर्टरवर हा फरक आणखी उघडा पडतो. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी, म्हणजे कागदावर 1,800 वॉट-तास. बॅटरी पूर्ण उपसायची नाही आणि इन्व्हर्टरचं नुकसान वगळायचं, तर हातात साडेअकराशेच्या आसपास. चार जुने पंखे 300 वॉट घेतात, पावणेचार तास. चार बीएलडीसी 120 वॉट, नऊ तासांच्या वर. म्हणजे रात्र निघते. शिवाय स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधा पंखा जो घूंऽऽ आवाज करतो, तो यात नाही. पंख्याचं नव्हे, त्या चौकोनी लाटेतल्या जादा फ्रिक्वेन्सींचं ते गुणगुणणं. त्या वाइंडिंगमध्ये जाऊन पत्रे थरथरवतात आणि मोटर तापवतात. बीएलडीसीत त्या दारातच डीसी होऊन जातात.

भारनियमनाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी बिलाचा विचारही न करता केवळ एवढ्यासाठी बीएलडीसी घ्यावा, असं आमचं मत.

सुरू होताना मागे का झटका देतो

बीएलडीसी घेतल्यावर पहिल्याच दिवशी बऱ्याच जणांची तक्रार असते: बटण दाबलं की पंखा आधी जरासा उलटा हलतो, मग विचार केल्यासारखा थांबतो, मग फिरतो. हा बिघाड नाही, सिंक्रोनस मोटरचा जन्मस्वभाव आहे.

थांबलेल्या चुंबकी रोटरला एकदम 428 नं धावणारं क्षेत्र दिलं, तर ध्रुव पकड घेण्याआधीच निघून जातो. एकदा पुढे ओढ, एकदा मागे, सरासरी शून्य. रोटर जागच्या जागी थरथरतो. मायक्रोवेव्हच्या काचेच्या थाळीखालची मोटर हीच, पण एवढीशी हलकी की पहिल्याच अर्ध्या लाटेत पकड घेते; मात्र कोणत्या बाजूनं, हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. म्हणून थाळी कधी डावीकडून फिरते, कधी उजवीकडून. पंख्याचा रोटर जड, आणि दिशा चुकून चालत नाही. म्हणून बोर्ड आधी रोटरला एका ठरलेल्या जागी खेचतो (तो झटका हाच), मग फ्रिक्वेन्सी शून्याजवळून हळूहळू चढवतो. पूर्ण वेगाला साध्या पंख्यापेक्षा थोडा वेळ जास्त जातो.

इंडक्शनला यातलं काही लागत नाही. बटण दाबलं की निघाला. उसनं घेणाऱ्याचा हाच फायदा: कुठल्याही वेगापासून सुरुवात करता येते.

बिघडतं ते, आणि का

साध्या पंख्याचं दुखणं ओळखायला डॉक्टर लागत नाही. पंखा हळू झाला: कंडेन्सर. मीटरवर मोजा, 2.5 च्या जागी 2 च्या खाली दिसला की बदला, व्होल्टेज 440 लिहिलेलाच घ्या. पंखा गुणगुणतो पण उठत नाही, हातानं ढकलला की त्या दिशेनं फिरायला लागतो: कंडेन्सर किंवा स्टार्टिंगची तुटलेली वाइंडिंग. नवा कंडेन्सर टाकूनही हळू आणि पोट पटकन तापतं: वाइंडिंगमध्ये वेटोळी आपसात शॉर्ट झाली, पुन्हा भरून घ्या. खर्‌खर्‌: बेअरिंग. कंडेन्सर पन्नास-साठ रुपयांना, आणि तो बदलणारा माणूस तालुक्याच्या गावी कोपऱ्याकोपऱ्यावर.

बीएलडीसीत मोटर क्वचित मरते. मरतो तो बोर्ड. कारणं ठरलेली आहेत. वीज कडाडून लाइनवर आलेला झटका, किंवा डीपीवर न्यूट्रल सुटून घरात साडेतीनशे-चारशे व्होल्ट शिरणं. तोंडाशी बसवलेला वॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) आणि फ्यूज जातात. नशीब बरं असेल तर तेवढ्यावर भागतं. साधा पंखा अशा चार-दोन मिनिटांत जोरात फिरून, गरम होऊन बहुधा वाचतो. दुसरं कारण उष्णता: बोर्डावरचा मोठा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर 105 अंशांचा असला तरी दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून बोर्डाची जागा पाहायला सांगितलं. मोटरच्या पोटातला बोर्ड मोटरची ऊब खातो आणि बदलायचा तर अख्खा पंखा उतरवावा लागतो. वाटीतला बोर्ड स्टुलावर उभं राहून बदलता येतो, पण वाटी नीट बंद नसेल तर पाल आत शिरते आणि दोन टोकांवर आडवी पडून स्वतःसकट बोर्डही घेऊन जाते. कोकणात आणि मुंबईत तिसरं कारण खारट दमट हवा. बोर्डावर लाखेसारखा लेप किंवा राळ ओतलेली आहे का, हे विचारा. विक्रेत्याला ठाऊक नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधा.

चौथं कारण आपलंच. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवून बीएलडीसी जोडणं. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लाटेचा तुकडा कापून देतो. बोर्डाचा कपॅसिटर प्रत्येक तुकड्याला दचकल्यासारखा एकदम प्रवाह ओढतो. पंखा चालू-बंद होत राहतो, किंवा काही आठवड्यांनी गप्प होतो. एमसीबी पाडा, रेग्युलेटरच्या दोन्ही वायरी सोडून एकमेकींना कनेक्टरनं जोडा, जागेवर कोरी पट्टी बसवा. फेज थेट स्विचमधून पंख्याला. दहा मिनिटांचं काम, आणि वायरमन ‘पूर्ण पाचवर ठेवा, चालतंय’ म्हणाला तरी ऐकू नका.

बोर्ड गेला की मोटर, हे ठरवायला एक हाताची युक्ती आहे. पुरवठा बंद करून, बोर्डाकडे जाणाऱ्या मोटरच्या तीन वायरी सुट्या करा आणि पंखा हातानं फिरवा. बारीक अडखळत पण मोकळा फिरला पाहिजे. आता तिन्ही वायरींची टोकं एकत्र पिळा आणि पुन्हा फिरवा. निरोगी मोटर चिखलात फिरवल्यासारखी जड लागते, कारण चुंबक स्वतःच वीज बनवतात आणि ती शॉर्ट होऊन ब्रेक लावते. जड लागली नाही, तर वाइंडिंग तुटली. मीटर हाताशी असेल तर एसी व्होल्टवर ठेवून, पंखा एकसारखा फिरवत, दोन-दोन वायरींमध्ये मोजा; तिन्ही जोड्यांत आकडा सारखा आला तर मोटर ठीक आणि दोष बोर्डात. दोन जोड्यांत आकडा जवळपास आलाच नाही तर फेज सुटली आहे. अशी मोटर सुरू करताना पुढे-मागे झटके देते आणि थांबते. साध्या पंख्यावर ही परीक्षा करायला जाऊ नका. त्याच्या रोटरकडे स्वतःचं काहीच नसल्यामुळे मीटर शून्यावरच बसेल.

बोर्ड पाचशे ते हजारात येतो, पण दुसऱ्या कंपनीचा चालत नाही, आणि तीन वर्षांनी त्याच मॉडेलचा मिळेल याची हमी कोणी लिहून देत नाही. वॉरंटी मोटरवर आहे की बोर्डावरही, हे पावतीवर लिहून घ्या. या एका बाबतीत बीएलडीसी अजून साध्या पंख्याच्या मागे आहे, आणि बराच मागे.

आवाज, रिमोट वगैरे

साधा पंखा मंद शंभर हर्ट्झची गुणगुण देतो, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर ती वाढते. बीएलडीसी सहसा शांत. पण बोर्ड जर मोटरला गुळगुळीत साइन लाट देण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांची लाट देणारा असेल तर एक नंबरवर टिकटिक किंवा बारीक शीळ ऐकू येते. दुकानात पाच नंबर लावून दाखवतात. तुम्ही एक नंबर लावायला सांगा आणि दुकानातला दुसरा पंखा बंद करायला.

एका हॉलमध्ये दोन बीएलडीसी एकाच कंपनीचे लावले की एक रिमोट दोघांना चालतो, नको तेव्हा. रिमोट हरवला तर स्विच बंद-चालू करून वेग बदलतो का, हे विचारा. रिमोटनं बंद केलेला पंखा अर्धा-एक वॉट खात राहतो. किरकोळ आहे, सोडून द्या.

कुठे कोणता

झोपायच्या खोलीत आणि हॉलमध्ये बीएलडीसी, पाच ताऱ्यांचा, बोर्ड वाटीत असलेला. इन्व्हर्टरवर जे पंखे आहेत ते सगळे. मीटरजवळ सर्ज प्रोटेक्टर बसवायचा खर्च चार पंख्यांवर वाटून घ्या, महाग वाटत नाही. जुना 75 वॉटचा पंखा दिवसभर चालणाऱ्या खोलीतून काढायचा तर मोडीत देऊ नका. तो पाहुण्यांच्या खोलीत किंवा माळ्यावर अजून वीस वर्षं चालेल.

पत्र्याच्या शेडमध्ये, वेल्डिंग मशीनच्या लाइनवर, गोठ्यात, आणि जिथे सर्व्हिस सेंटर 60 किलोमीटरवर आहे अशा ठिकाणी एक ताऱ्याचा इंडक्शन पंखाच लावा. तांब्याची वाइंडिंग असलेला घ्या, आणि अडीचचा एक कंडेन्सर जास्तीचा आणून ड्रॉवरमध्ये ठेवा.